चमत्काराची पारख कशी करायची? नव्या विश्वासूंसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

चंगाई सभेला, म्हणजे आजार बरे व्हावेत म्हणून होणाऱ्या प्रार्थना सभेला, पहिल्यांदा गेलेल्या माणसाचा गोंधळ मी जवळून पाहिला आहे. मंचावर एकामागून एक साक्षी चालू असतात. कुणाची गाठ विरघळली, कुणाची साखर उतरली, कुणाचं कर्ज फिटलं. आजूबाजूचे सगळे हात वर करून 'हालेलुया' म्हणत असतात. अशा वेळी मनात शंका आली तर अपराधी वाटतं, आणि ती गिळून टाकली तर घरी गेल्यावर झोप लागत नाही. वसईत आमच्या धर्मग्रामातल्या (पॅरिशमधल्या) प्रार्थनागटात साक्षी लिहून घ्यायच्या, कागदपत्रं पाहायची आणि मगच त्या फादरांपुढे ठेवायच्या, हे काम मी बरीच वर्षं करतो आहे. त्यातून जे हाती लागलं ते इथे क्रमाने लिहितो.

सगळ्यात आधी मनावरचं ओझं उतरवा. पारख करणं हे अविश्वासाचं लक्षण नाही, ती आज्ञा आहे. संत पौल थेस्सलनीकाकरांना आत्म्याला विझवू नका असं लिहितो आणि लगेच पुढे म्हणतो, "सर्व गोष्टींची पारख करा, चांगले ते बळकट धरा" (1 थेस्सलनीकाकरांस 5:21). दोन्ही आज्ञा एकाच दमात आल्या आहेत, त्यातली सोयीची तेवढी उचलायची नाही.

आपल्याला दोन प्रश्नांची उत्तरं शोधायची आहेत. जे घडलं म्हणतात ते खरंच घडलं का? आणि घडलं असेल, तर ते आपल्याला कुणाकडे नेतं? बहुतेक लोक पहिल्या प्रश्नापाशीच थांबतात. पवित्र शास्त्राचा भर मात्र दुसऱ्यावर आहे.

आधी हे जवळ ठेवा

- बायबल. निदान अनुवाद (जुन्या करारातलं पुस्तक) 13, मत्तय 7 आणि 24, योहान 9 आणि 1 योहान 4 हे अध्याय वाचून घ्या.
- एक वही. तारीख, वेळ, ठिकाण आणि सांगणाऱ्याचं नाव लिहायला.
- आजाराचा दावा असेल तर प्रार्थनेच्या आधीचे आणि नंतरचे रिपोर्ट, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, डिस्चार्ज कार्ड, चालू औषधांची यादी.
- पैसे दिले असतील तर पावती किंवा यूपीआयचा स्क्रीनशॉट.
- सभेची जाहिरात, व्हिडिओ किंवा व्हॉट्सॲपवर आलेला मूळ मेसेज.
- ज्यांच्याशी मोकळेपणाने बोलता येईल असे एक फादर किंवा पाळक, आणि एक डॉक्टर.

1. ज्याच्या बाबतीत घडलं त्यालाच गाठा

'माझ्या मामेबहिणीच्या शेजारणीचा मुलगा' अशी सुरुवात असेल तर तिथेच थांबा आणि त्या मुलापर्यंत पोहोचा. तो सापडतच नसेल तर ती साक्ष पुढे पाठवू नका. जो सापडतो त्याचं म्हणणं त्याच्याच शब्दांत लिहून घ्या. 'डॉक्टरांनी हात टेकले होते' असं कुणी म्हटलं, तर कुठल्या डॉक्टरांनी, कधी आणि नेमकं काय म्हणून, हे विचारा.

योहानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाच्या आईवडिलांना बोलावून विचारतात. ते म्हणतात, हा आमचा मुलगा आहे आणि तो आंधळाच जन्मला होता. त्याला आता कसं दिसतं ते आम्हाला ठाऊक नाही. ते भीतीपोटी तसं बोलले असं शुभवर्तमान सांगतं. तरीही जेवढं माहीत तेवढंच सांगायचं, ही साक्षीची शिस्त त्यांच्याकडून घेण्यासारखी आहे.

2. कागद तारखेप्रमाणे लावा

या पायरीला सर्वात जास्त वेळ द्या.

मागे एक काकू औषधाच्या दुकानाच्या पिशवीत सगळे कागद कोंबून घेऊन आल्या. गळ्यातली थायरॉइडची गाठ प्रार्थनेने गेली असं त्यांचं म्हणणं होतं, आणि पुढच्या रविवारी त्यांना साक्ष द्यायची होती. आम्ही टेबलावर कागद तारखेप्रमाणे मांडले. पहिल्या सोनोग्राफीत गाठ दिसत होती, दुसरीत नव्हती. मधे एक छोटी चिठ्ठी होती, पिशवीच्या तळाशी दुमडून गेलेली. सुई घालून गाठीतलं पाणी काढून तपासायला पाठवलं होतं. पाण्याची गाठ अशी रिकामी केली की बसून जाते. पाणी काढलं ते प्रार्थना सभेच्या आधी. काकूंचा चेहरा उतरला, "म्हणजे देवाने काहीच नाही का केलं?" असं त्या म्हणाल्या. फादरांनी त्यांना समजावलं की गाठ साधी निघाली याबद्दल मनापासून आभार माना, मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) सांगा, पण मंचावरून 'चमत्कार' म्हणू नका. त्या काकूंनी लबाडी केली नव्हती. त्यांनी दोन कागद एकमेकांशेजारी ठेवून पाहिले नव्हते, एवढंच.

कागद लावताना काय विचारायचं, हे कॅथलिक ख्रिस्तसभेने 18 व्या शतकातच ठरवलं आहे. पुढे पोप बेनेडिक्ट चौदावे झालेल्या प्रॉस्पेरो लाम्बर्तिनी यांनी जे निकष घातले, ते आजही आधाराला घेतले जातात. साध्या भाषेत ते असे:

- आजार गंभीर होता का, आणि बरा होणं अशक्य किंवा फार अवघड होतं का?
- तो आपोआप उतरणीला लागला होता का?
- औषधोपचार झाले होते का? झाले असतील, तर ते निष्फळ ठरले होते का?
- बरं होणं अचानक झालं का?
- ते पूर्ण होतं, की थोडा फरक पडला एवढंच?
- ते टिकलं का?

पाठदुखी, दमा, संधिवात, फिट्स, नैराश्य या आजारांमध्ये चढउतार असतोच. सभेतल्या उत्साहात वेदना तात्पुरती जाणवत नाही आणि दोन दिवसांनी पुन्हा उठते. म्हणून अशा आजारांत घाईने काही ठरवू नका.

इथले दोन सापळे जीवावर बेतणारे आहेत. पहिला टीबीचा. औषधं सुरू झाली की काही आठवड्यांत खोकला आणि ताप कमी होतो, माणसाला बरं वाटतं. तेवढ्यात कुणी 'प्रभूने बरं केलं, आता गोळ्या कशाला' म्हटलं आणि औषध सोडलं, तर आजार उलटू शकतो आणि पुढे साध्या औषधांना दाद देईनासा होऊ शकतो. दुसरा एचआयव्हीचा. नियमित गोळ्या घेणाऱ्याच्या रिपोर्टवर 'विषाणू आढळला नाही' असं येतं. तो औषधाचा परिणाम असतो, आणि तोच कागद मंचावर बरं झाल्याचा पुरावा म्हणून फडकवला जातो. इन्सुलिन आणि फिट्सच्या गोळ्यांच्या बाबतीतही हाच धोका आहे. औषध डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच बंद करायचं. जो उपदेशक 'विश्वास असेल तर गोळी टाकून दे' म्हणतो, त्याच्या सभेतून उठून या. प्रभू येशूने दहा कुष्ठरोग्यांना याजकांकडे पाठवलं, आणि कुष्ठाची तपासणी करण्याचं काम नियमशास्त्राने याजकांनाच दिलं होतं. प्रभू स्वतः तपासणीला पाठवतो, मग आपण का घाबरावं?

3. नैसर्गिक कारण मनापासून शोधा

2012 मध्ये मुंबईत विलेपार्ल्याजवळ इर्ला इथल्या चर्चमध्ये क्रुसावरच्या ख्रिस्ताच्या पायांतून पाणी ठिबकू लागलं. लोक ते पाणी तीर्थासारखं घरी नेऊ लागले. सनल एडामारुकू या बुद्धिवादी कार्यकर्त्याने येऊन पाहिलं आणि सांगितलं की जवळच्या स्वच्छतागृहाच्या तुंबलेल्या नाल्यातलं पाणी भिंतीतून झिरपून वर चढतं आहे. पुढे त्यांच्यावर धार्मिक भावना दुखावल्याच्या तक्रारी झाल्या आणि ते देश सोडून फिनलंडला गेले. मला त्या प्रकरणाचं आजही वाईट वाटतं. नाल्याचं पाणी लोक भक्तीने प्यायले असते तर आजारी पडले असते. प्लंबर बोलावून भिंत तपासणं हे श्रद्धावंतांचंच काम होतं, ते एका नास्तिकाने केलं.

तेव्हा पुतळा 'रडतो' म्हटलं की आधी छताची गळती, भिंतीची ओल, दमट हवा आणि कुणी तेल लावलं का, हे पाहा. मिस्सेतल्या पवित्र भाकरीवर लाल डाग दिसला तर ती फादरांकडे द्या. ओलसर पिठाच्या पदार्थांवर लाल रंग धरणारे जिवाणू असतात, हे जुनं ज्ञान आहे. 'सूर्य नाचतो आहे, बघा' असं कुणी म्हणालं तरी सूर्याकडे टक लावून पाहू नका. त्याने डोळ्याचा पडदा कायमचा भाजू शकतो.

4. मंचावर काय चाललंय ते डोळसपणे पाहा

काही गोष्टी वारंवार दिसतात. चालता येणाऱ्या पण थकलेल्या माणसाला दारात आयोजकच व्हीलचेअरवर बसवतात, आणि मंचावर तो 'उठून चालतो'. एक पाय आखूड आहे म्हणून खुर्चीवर बसवायचं, बूट किंचित ओढून धरायचा आणि मग तो हळूच मागे ढकलायचा, की पाय 'वाढतो'. 'इथे कुणाची तरी कंबर दुखते आहे' हे हजार माणसांत म्हटलं तर चुकायची शक्यताच नाही.

कुणाचं नाव, पत्ता, आजार अचूक सांगितला तरी हुरळून जाऊ नका. अमेरिकेतल्या पीटर पॉपॉफ या उपदेशकाचं बिंग 1986 मध्ये जादूगार जेम्स रँडी यांनी फोडलं. लोकांनी सभेआधी लिहून दिलेली माहिती पॉपॉफ यांची पत्नी त्यांच्या कानातल्या छोट्या यंत्रावर वाचून दाखवत होती. आपल्याकडे नोंदणीचा फॉर्म असतो, प्रार्थना विनंतीची चिठ्ठी असते, फेसबुक असतं. तुम्ही फॉर्मवर काय लिहिलं होतं ते आठवा.

डोक्यावर हात ठेवल्यावर मागे कोसळणं हेही स्वतःहून कशाचाच पुरावा नव्हे. ते आत्म्याच्या स्पर्शाने होऊ शकतं, गर्दीच्या भारावण्याने होऊ शकतं, आणि मागे झेलायला माणूस उभा आहे म्हणूनही होऊ शकतं. पडणारा उठल्यावर कसा जगतो ते महत्त्वाचं.

5. पैसा कुठून कुठे जातो?

2 राजे, अध्याय 5 काढा. अरामी सेनापती नामान कुष्ठातून शुद्ध झाला आणि संदेष्टा अलीशासाठी मोठी भेट घेऊन आला. अलीशाने शपथेवर नाकारली. त्याचा नोकर गेहजी मागून धावत गेला, खोटं बोलून चांदी आणि कपडे घेऊन आला, आणि नामानाचं कुष्ठ त्यालाच लागलं. नव्या करारात शिमोन जादूगार आत्म्याचं दान विकत मागतो, तेव्हा पेत्र त्याला कडक शब्दांत झिडकारतो (प्रेषितांची कृत्ये 8). प्रभूने शिष्यांना पाठवताना सांगितलं, "तुम्हांला फुकट मिळाले, फुकट द्या" (मत्तय 10:8).

म्हणून अभिषेकाच्या तेलाच्या बाटलीची किंमत, 'विशेष प्रार्थने'चा दर, 'इतकं बीज पेराल तर इतकं पीक येईल' असा हिशेब दिसला की सावध व्हा. वांद्र्याच्या माउंट मेरीला लोक मेणाचे हात, पाय, बाळ वाहतात, ती वेगळी गोष्ट आहे. ती माणसाची स्वेच्छेची भेट असते, नाही वाहिली म्हणून कुणी शाप देत नाही. देणं आणि बरं होणं यांची सांगड कुणी घालून दिली की तिथे सौदा आला.

6. आता खरा प्रश्न: हे कुणाकडे नेतं?

समजा, वरच्या सगळ्या चाळण्यांतून दावा पार पडला. काहीतरी विलक्षण घडलंच आहे. तरीही ते देवाकडून आहे हे अजून ठरलेलं नाही. नव्या विश्वासूंना हे ऐकून धक्का बसतो, पण शास्त्र अगदी स्पष्ट आहे. अनुवाद 13 म्हणतो की एखादा संदेष्टा चिन्ह सांगेल, ते खरंही ठरेल, आणि मग तो म्हणेल की चला, दुसऱ्या देवांच्या मागे जाऊ. त्याचं ऐकू नका, कारण देव तुमची परीक्षा पाहतो आहे. मिसरचा राजा फारो याच्या जादूगारांनीही काठ्यांचे साप केले, पाण्याचं रक्त केलं, बेडूक आणले. उवांच्या पीडेपाशी ते अडले आणि यात देवाचा हात आहे असं स्वतःच कबूल करून बसले. पौल 'खोटी चिन्हे व अद्भुते' यांचा इशारा देतो. सगळ्यात अस्वस्थ करणारे शब्द खुद्द प्रभूचे आहेत. 'आम्ही तुझ्या नावाने भुते घालवली, अद्भुते केली' असं म्हणणाऱ्यांना तो सांगेल की मला तुमची कधीच ओळख नव्हती (मत्तय 7). नाव येशूचं घेतलं होतं आणि अद्भुतंही झाली होती, तरीही तो असं म्हणतो.

फिलिप्पैमधली दासीही आठवा (प्रेषितांची कृत्ये 16). ती पौलाच्या मागे ओरडत फिरायची की ही माणसं परात्पर देवाचे सेवक आहेत. वाक्य शंभर टक्के खरं होतं. तरी पौलाने तिच्यातला आत्मा घालवला, कारण त्याचा उगम चुकीचा होता आणि तिचे मालक तिच्या भविष्यकथनावर पैसे कमवत होते.

यावरून स्वतःला पुढचे प्रश्न विचारा आणि उत्तरं वहीत लिहा:

- सभा संपल्यावर ओठांवर कुणाचं नाव उरतं, प्रभूचं की उपदेशकाचं? फ्लेक्सवर कुणाचा फोटो मोठा आहे?
- शुभवर्तमानाला जोडून काही 'नवं गुपित' शिकवलं जातं का?
- मिस्सा, मंडळी, घरचे लोक यांच्यापासून तोडलं जातं का? 'तुमच्या चर्चमध्ये आत्मा नाही' हे वाक्य ऐकू आलं का?
- भीती घातली जाते का? 'हा मेसेज दहा जणांना पाठवला नाही तर' असलं काही?
- प्रश्न विचारणाऱ्यावर 'तुझ्यात दुष्टात्मा आहे' असा शिक्का मारतात का?
- बरं करण्याच्या मोबदल्यात बाप्तिस्मा घ्यायला सांगतात का? आजारी माणसाच्या अगतिकतेवर उभा केलेला विश्वास प्रभूला नको आहे.

कॅथलिक वाचकांसाठी आणखी एक. फ्रान्समधलं लूर्द आणि पोर्तुगालमधलं फातिमा इथल्या मरियामातेच्या दर्शनांसारखी मान्यता मिळालेली दर्शनंसुद्धा श्रद्धेचा बंधनकारक भाग नाहीत. मग गल्लीतल्या एखाद्या दर्शनावर विश्वास ठेवलाच पाहिजे, असा आग्रह कोण कसा धरू शकतो?

7. फळ यायला वेळ द्या

1905 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या केडगावला, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनात, मोठं आध्यात्मिक जागरण झालं. तिथल्या मिशनरींच्या वृत्तांतात आहे की एका मुलीला आपल्यावर अग्नी उतरल्यासारखं वाटलं आणि दुसरी तिच्यावर ओतायला बादलीभर पाणी आणायला धावली. मुली मोठ्याने रडत, तासन्‌तास प्रार्थना करत. बाहेरच्यांनी त्यावर टीकाही केली. तेव्हा नेमकं काय दिसलं याचा निवाडा आज करता येणार नाही. पण नंतर त्यातल्या कित्येक मुली गावोगाव शुभवार्ता सांगायला गेल्या, आणि निराधार स्त्रियांना आसरा देण्याचं तिथलं काम रमाबाई 1922 मध्ये वारल्यानंतरही चालू राहिलं. एवढं पारखायला पुरेसं आहे.

गलतीकरांस 5 मधली आत्म्याच्या फळांची यादी काढा: प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता आणि पुढची सगळी. सभेला गेलेल्या माणसाच्या घरात सहा महिन्यांनी यातलं काय वाढलं? दारू सुटली का? सुनेशी बोलणं सुधारलं का? हे त्याच्या घरच्यांना विचारा, ते बरोबर सांगतात.

8. योग्य माणसांपुढे ठेवा

कॅथलिक असाल तर आधी धर्मग्रामाचे फादर, मग गरज पडली तर धर्मप्रांताचे बिशप. प्रोटेस्टंट मंडळ्यांत पाळक आणि मंडळीचे वडील. व्हॉट्सॲप ग्रुप, यूट्यूब चॅनेल हे सगळं त्यानंतर, आणि शक्यतो नाहीच.

उशीर लागेल, ते गृहीत धरा. फ्रान्समधल्या लूर्दला 1883 पासून डॉक्टरांचं तपासणी कार्यालय आहे. तिथे बरं झाल्याचे सात हजारांहून अधिक दावे नोंदले गेले, आणि चमत्कार म्हणून मान्यता मिळाली ती सत्तरच्या थोड्या पुढे. 2008 मध्ये बऱ्या झालेल्या एका फ्रेंच धर्मभगिनीच्या बाबतीत निर्णय 2018 मध्ये आला. दर्शनं, रडणारे पुतळे अशा घटनांसाठी व्हॅटिकनने मे 2024 मध्ये नवे नियम काढले. त्यानुसार बिशप आता सहसा 'हे अलौकिक आहे' असं जाहीरच करत नाहीत. तिथली भक्ती चालू ठेवायला हरकत नाही, जपून राहा, किंवा पूर्ण बंदी, अशा स्वरूपाचे निर्णय व्हॅटिकनच्या संमतीने दिले जातात.

9. जो बरा झाला नाही त्याला सांभाळा

'तुझा विश्वास कमी पडला' हे वाक्य आजाऱ्याला कधीही ऐकवू नका. पौलाने शरीरातला काटा काढावा म्हणून तीनदा विनंती केली, उत्तर आलं, "माझी कृपा तुला पुरे आहे". आपला सोबती त्रफिम याला त्याने मिलेतात आजारीच ठेवून पुढचा प्रवास केला (2 तीमथ्य 4:20). वसईचे संत गोन्सालो गार्सिया 1597 मध्ये नागासाकीला क्रुसावर मारले गेले, कुणी देवदूत त्यांना उतरवायला आला नाही. गोव्याचे जोसेफ वाझ 2015 मध्ये संत झाले, तेव्हा पोप फ्रान्सिस यांनी दुसऱ्या चमत्काराची अट सोडून दिली होती. चमत्कार हा पवित्रतेचा एकमेव दाखला नाही, हे आजाऱ्याच्या उशाशी बसून त्याला सांगा. आणि त्याची पुढची अपॉइंटमेंट कधी आहे तेही विचारा.

10. उघड फसवणूक दिसली तर

महाराष्ट्रात 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. तो प्रार्थनेच्या किंवा उपासनेच्या आड येत नाही. तथाकथित चमत्कार दाखवून पैसे काढणं, भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणं किंवा मारहाण करणं, साप किंवा कुत्रा चावलेल्याला औषधोपचारापासून रोखणं, हे त्याखाली गुन्हे आहेत. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, आणि दंडही आहे. गुन्हा करणारा कुठल्या धर्माचा आहे याने फरक पडत नाही, आणि 'आपलाच माणूस आहे' म्हणून गप्प बसणं आपल्याला शोभत नाही.

तक्रार पोलीस ठाण्यात लेखी द्या, पोहोच घ्या. जाहिरात, व्हिडिओ, पैसे दिल्याचा पुरावा आणि आजाराचे कागद, मूळ स्वतःकडे ठेवून, झेरॉक्स जोडा. फसलेली व्यक्ती घाबरलेली असेल तर तिच्यासोबत कुणीतरी जा. आणि तिने औषध बंद केलेलं असेल तर तक्रारीच्या आधी तिला डॉक्टरांकडे न्या, त्याच दिवशी.